अहो कुणी म्हणायचं?

"तुमच्यात नवरा कोण आणि बायको कोण?" दोन पुरुषांच्या जोडीला हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाकडं काही असतंच असं नाही. त्याला खरोखर कळत नसतं. संसार म्हणजे एकानं डबा भरायचा आणि दुसऱ्यानं तो घेऊन कामाला जायचं, एवढंच त्यानं पाहिलेलं असतं. दोघेही डबा घेऊन निघाले तर तो भरला कुणी, हा त्याचा प्रामाणिक प्रश्न.

बॉईज लव्ह, म्हणजे बीएल, या नावानं ओळखली जाणारी जपानी आणि कोरियन कॉमिक्स मी गेली आठ-नऊ वर्षं फोनवर वाचतोय. दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या गोष्टी. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बहुतेक बायका, आणि मधूनमधून माझ्यासारखे. (मला पुरुष आवडतात. पुढचं समजायला हे लागेल, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.) वरच्या प्रश्नाचं उत्तर या कॉमिक्सनी कधीच देऊन टाकलंय, तेही पेन्सिलीनं. मुखपृष्ठ बघा. एक जण दुसऱ्यापेक्षा डोकंभर उंच. त्याची हनुवटी टोकदार, डोळे बारीक, पंजे फावड्याएवढे. दुसऱ्याचे डोळे मोठे, पापण्या लांब, गाल सदा लाल, अंगातला शर्ट एक साइज मोठा. एकही पान न उलटता कळतं की भिंतीला हात टेकवून कोण उभा राहणार आणि त्या हाताखाली कोण सापडणार. कमावणार कोण आणि ऑम्लेट करणार कोण, हेही कळतं.

जपानी वाचक पहिल्याला 'सेमे' म्हणतात आणि दुसऱ्याला 'उके'. शब्द आखाड्यातले आहेत. एक हल्ला करणारा, एक तो झेलणारा. मी रायगडचा, महाड तालुक्यातल्या शिवथरचा. आमच्याकडे कुणाला हे समजावून सांगायचं तर चढाई आणि पकड म्हणावं लागेल, आणि समोरचा लगेच विचारेल, मग पाळी कधी बदलते? कबड्डीत तीस सेकंदांची चढाई संपली की आत्ता दम धरून गेलेला गडी परत येऊन साखळीत उभा राहतो. पकड करणाराही कुणी गरीब बिचारा नसतो, गुण त्यालाही मिळतो, आणि मैदान हलतं ते बऱ्याचदा पकडीवरच. बीएलमध्ये मात्र चढाई करणारा जन्मभर चढाईच करतो. आलटूनपालटून खेळणाऱ्या जोड्यांसाठी चाहत्यांत 'रिबा' असा वेगळा शब्द आहे, आणि कित्येकांना त्या जोड्या अजिबात चालत नाहीत. जोडीचं नाव लिहिताना आधीचं नाव सेमेचं आणि नंतरचं उकेचं हाही नियम आहे. क्रम चुकला तर भांडणं होतात. लग्नपत्रिकेत चि. आणि चि. सौ. कां. चा क्रम चुकल्यावर होतील तशीच.

एक गाजलेलं उदाहरण घेऊ. शुनगिकू नाकामुरा यांचं 'जुन्जो रोमँटिका' २००२ च्या सुमारास सुरू झालं. पुढे त्याची ॲनिमे मालिका आली, आणि बीएलच्या कित्येक वाचकांची सुरुवात तिथूनच झाली. मिसाकी हा कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारा मुलगा. त्याच्या मोठ्या भावाचा मित्र उसामी हा नामवंत, श्रीमंत लेखक. तो मिसाकीची शिकवणी घेतो आणि पहिल्याच भेटीगाठींत त्याच्यावर जबरदस्ती करतो. पुढे मिसाकी त्याच्या ऐसपैस फ्लॅटमध्ये राहायला जातो. स्वयंपाक मिसाकीचा, झाडलोट मिसाकीची. उसामी लिहितो, सिगारेट ओढतो, महागड्या वस्तू आणून देतो आणि मत्सर करतो. मिसाकी दर प्रसंगात नको म्हणतो, आणि दर प्रसंगात त्या 'नको'चा अर्थ 'हो' निघतो. आता मिसाकीच्या जागी मिनाक्षी घाला. नव्वदच्या दशकातली एखादी मालिका डोळ्यांसमोर उभी राहते की नाही बघा.

आमच्या धंद्यात याला फाइंड अँड रिप्लेस म्हणतात. सगळीकडचा 'ती' शोधा आणि 'तो' करा, बाकी कोडला हात लावू नका. जपानी आणि कोरियन भाषांत हे सहज खपून जातं, कारण त्यांच्या क्रियापदांना लिंग नसतं. कर्ता गाळला तरी वाक्य चालतं. मराठीत चालत नाही. मी कधीमधी स्वतःपुरते या कॉमिक्समधले संवाद मराठीत करून बघतो. कुणी सांगितलेलं नाही, फक्त ते कसे वाजतात हे ऐकायचं असतं. मराठीत एक 'ती' बदलली की तिच्या मागे सगळी रांग बदलावी लागते. तो लाजला. त्यानं मान खाली घातली. तो आत निघून गेला, चहा ठेवला, बाहेरचं बोलणं दाराआडून ऐकत उभा राहिला. ही वाक्यं मोठ्यानं वाचून पाहा. बाईबद्दल लिहिलेली असती तर डोळा त्यांच्यावरून घसरून गेला असता. 'लाजली'चं 'लाजला' झालं की दाराआड माणूस उभा आहे हे दिसतं, आणि तो तिथे का उभा आहे हा प्रश्नही पडतो.

क्रियापदांपेक्षा मला जास्त छळलं ते हाका मारण्यानं. जपानी गोष्टीत धाकटा मोठ्याला 'सेम्पाई' म्हणतो, कोरियन गोष्टीत 'ह्योंग'. कोरियन बीएलमध्ये अमुक जण तमक्याला पहिल्यांदा 'ह्योंग' म्हणतो हा मोठा हळवा क्षण असतो, चाहते तेवढंच पॅनेल कापून स्टेटसला ठेवतात. ह्योंगला मराठीत सरळ शब्द आहे, दादा. आता हळव्या क्षणी नायकानं नायकाला 'दादा' म्हटलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राखी येते. 'सर' म्हटलं तर शिकवणी येते. नाव घेतलं तर लहान-मोठेपणाचा जो ताण त्या पानावर आहे तो सांडून जातो.

शेवटी जो शब्द नेमका बसला तो 'अहो'. "अहो, थांबा ना." "अहो, कुणीतरी बघेल." मिसाकीच्या प्रत्येक वाक्याला तो चपखल बसतो, आणि उसामीच्या एकाही वाक्याला बसत नाही. माझी आजी आजोबांना आयुष्यभर अहो म्हणाली, तिसऱ्याशी बोलताना 'आमचे हे' म्हणाली, आणि नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आजोबा तिला 'अगं' म्हणायचे, किंवा नुसतंच खाकरायचे. 'अहो' हा आदरार्थी शब्द आहे असं शाळेत शिकवतात. पण आदर एकाच बाजूनं वाहत असेल तर व्याकरणाच्या पुस्तकात त्याला काय म्हणतात हे मला कधी सापडलं नाही.

तेव्हापासून माझी एक साधी चाचणी झालीय. नवं बीएल हातात आलं की पहिले दोन चॅप्टर मनात मराठीत करतो आणि बघतो, यात अहो कुणी म्हणायचं? लगेच ठरलं तर पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. गंमत अशी की माझ्या चुलत बहिणी आज नवऱ्याला सरळ नावानं हाक मारतात, अरे-तुरे करतात. मुंबईहून गणपतीला गावी आलं की सासूसमोर चार दिवस अहो, परतीच्या एसटीत पुन्हा अरे. म्हणजे दोन तरुण पुरुष, चकचकीत सोल, हातात नवा फोन, आणि संसार माझ्या आजीच्या काळातला.

हे सगळं बायकांनी का लिहिलं, हे समजून घेतल्याशिवाय नुसता दोष देणं आळशीपणाचं होईल. सुरुवात सत्तरच्या दशकातली आहे. मोतो हागिओ यांचं 'द हार्ट ऑफ थॉमस' १९७४ चं, केइको ताकेमिया यांचं 'द पोएम ऑफ विंड अँड ट्रीज' १९७६ पासूनचं. दोन्ही मुलींच्या मासिकांत आली, दोन्हींत युरोपातल्या मुलांच्या वसतिगृहातली गोष्ट. मुलींच्या कॉमिक्समध्ये मुलीनं इच्छा करायची नाही, वाट बघायची, असा दंडक होता. मुलगा काढला की त्याला हवं ते करू देता येत होतं. जपानी मुलीच्या आवाक्याबाहेरचं सगळं त्या परक्या देशातल्या परक्या मुलांना देता आलं.

पुरुषाच्या देहात बायकांनी आपलं काही शोधावं हे आपल्याकडेही झालंच की. बालगंधर्वांची नेसणी आणि दागिने पाहून त्या काळच्या बायका तसं नटायच्या. १९२१ साली 'संयुक्त मानापमान' झालं तेव्हा केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीवरची सगळ्यात गाजलेली प्रेमिकांची जोडी म्हणजे दोन पुरुष होते, आणि प्रेक्षागृहात कुणाच्याही पोटात गोळा आला नाही. दोघांपैकी एकानं पूर्ण बाई व्हायचं, ही अट पाळली गेली होती ना.

माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, साताऱ्याकडची, माझ्या दुप्पट बीएल वाचलेली. तिच्यापुढे मी हे सेमे-उकेचं गाऱ्हाणं मांडलं तर ती म्हणाली, "अरे, साध्या लव्हस्टोरीत हिरोईन आली की मी मोजायलाच लागते. गोरी किती, बारीक किती, लग्नानंतर नोकरी सोडणार का. इथे मोजायला माझ्यासारखं कुणी नसतंच. निवांत वाचता येतं."

"पण तो उके तुझ्याच जागी आहे ना?"

"आहे की. पण त्याला पाळी येत नाही, त्याला कुणी गोड बातमी कधी म्हणून विचारत नाही. तेवढी सुट्टी मला पुरते."

तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. फक्त ही सुट्टी टिकली नाही एवढंच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ओमेगाव्हर्स नावाचा प्रकार इंग्रजी फॅनफिक्शनमधून निघून जपान-कोरियाच्या बीएलमध्ये पसरला. त्या जगात माणसं जन्मतः अल्फा, बीटा किंवा ओमेगा असतात. अल्फा राज्य करायला जन्मलेले, बीटा सामान्य, आणि ओमेगा पुरुष असला तरी त्याला ऋतू येतो, त्याला मूल होतं, त्याच्या वासानं अल्फाचा ताबा सुटतो आणि दोष ओमेगाच्या वासाला जातो. म्हणजे जिच्यातून पळ काढायला दोन पुरुष काढले, तीच सगळी व्यवस्था गर्भाशयासकट परत आणून बसवली. काही लेखिका हे जग मुद्दाम अन्याय दाखवायला वापरतात आणि नीट वापरतात. पण बहुतेकींना ती पायरी गोड वाटते. महाडकडच्या वाचकाला, निदान मला, ती गोड लागत नाही. जन्मावरून कुणी कुठे उभं राहायचं आणि कुणी पाण्याला हात लावायचा, यावरून १९२७ साली जे झालं ते चवदार तळं आमच्या तालुक्याच्या गावात आहे. पायरी जन्मानं ठरते म्हटलं की माझा हात आपोआप स्क्रोल करायचा थांबतो.

आता दुसऱ्या बाजूचं. बीएलवरची सगळ्यात जुनी आणि अजून चालणारी तक्रार समलिंगी पुरुषांचीच आहे. १९९२ मध्ये मासाकी सातो या जपानी गे कार्यकर्त्यानं एका स्त्रीवादी नियतकालिकात लिहिलं आणि त्यावर काही वर्षं वाद चालला. त्याचा राग असा की, या बायकांनी आम्हाला खेळणं केलंय, आम्ही असे दिसत नाही, असे जगत नाही. रागाचं कारण मला मान्य आहे. पण आजकाल ती तक्रार ज्या रूपात कानावर येते ते असं: "उके फार बायकी असतो यार. आम्ही काय असे असतो का?" आणि इथे मी त्या तक्रारीतून बाहेर पडतो.

बायकी असण्यात काय बिघडलं? गावच्या जत्रेला तमाशा आला की गवळणीत मावशी येते. साडी नेसलेला पुरुष, आणि तो बोलायच्या आधीच मांडवात हशा. मराठी तमाशापटात गणपत पाटलांनी नाच्या रंगवला. त्या कामातलं टायमिंग आजही पाहून शिकावं असं आहे. पण पडद्यावरची ती चाल लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्यालाही चिकटवली. २०१० च्या 'नटरंग'मध्ये पैलवानी अंगाचा गुणा नाच्या होण्यासाठी स्वतःचं शरीर उतरवतो, आणि नाच्याचं शरीर म्हणजे कुणीही हात टाकावा असं शरीर, हे त्याला फार क्रूर पद्धतीनं कळतं. (मूळ कादंबरी आनंद यादवांची. सिनेमा पाहिला असेल तरी ती वाचा.) डेटिंग ॲपवरच्या अर्ध्या प्रोफाइलांत आजही 'बायकी नको' असं लिहिलेलं दिसतं, आणि लिहिणारे स्वतःला फार पुढारलेले समजतात. वर्गात पोरांनी ज्याची चाल उचलून दाखवली, ज्याला बाईल्या म्हटलं, तो मुलगा फोनवर बीएल उघडतो आणि पहिल्यांदाच बघतो की लांब पापण्यांचा, हळू बोलणारा, रडणारा मुलगा गोष्टीचा नायक आहे. त्याला कुणी हसत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी पावसात धावत येतंय. उकेच्या मऊपणावर मी एक शब्दही बोलणार नाही. त्या मुलाला तेवढं एकच चित्र मिळालंय.

माझी तक्रार मऊपणाच्या शेजारी जे गपचूप ठेवलं जातं त्याबद्दल आहे. मऊ आहे म्हणून त्याचा नकार खरा नाही. लहान चणीचा आहे म्हणून त्याला कुठे न्यायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं. त्याला स्वतःला काय हवंय हे त्यानं कधी बोलून दाखवायचं नाही. दाखवलं तर तो उके कसला! 'पेंटर ऑफ द नाइट' हे कोरियन कॉमिक याचा टोकाचा नमुना आहे. जोसॉन काळातला सरदार, त्यानं जबरदस्तीनं वाड्यात आणून ठेवलेला गरीब चित्रकार. चित्रं इतकी सुंदर की वाचक म्हणून माझा हात पुढे सरकतच राहतो, आणि त्या सौंदर्याचं काम नेमकं तेच आहे. हे ऐतिहासिक आहे, अंधारं आहे, कल्पना आहे, असा बचाव करता येतो. करावाही. पण कल्पनेतल्या शंभर गोष्टींपैकी नव्वदांत 'नको' एकाच बाजूनं येत असेल आणि दर वेळी खोटं ठरत असेल, तर ती एका लेखिकेची कल्पना राहत नाही, तो साचा होतो.

आणि साच्यावर मी एवढा का अडतो, तर आमच्याकडच्या मुलापुढे दुसरं फारसं काही नसतं. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' लिहिलं. मराठी रंगमंचावर एका मुलीचं मुलीवरचं प्रेम उघड मांडणारं नाटक, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत. त्या काळात हे करायला छाती लागते. तरीही बघा, तेंडुलकरांनाही मित्रा 'पुरुषी'च लागली. कॉलेजच्या नाटकात पुरुषाचं काम करते ती मित्रा, आणि समोरची नमा नाजूक. दोन मुलींत एक कुणीतरी पुरुष असल्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही, आणि उभी राहिली की मित्रा मरते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. तनय बायको नाही की नवरा नाही, तो फक्त प्रेमात आहे. मराठीत मला याआधी असं वाक्य लिहिता आलं नसतं. पण तिथेही प्रेम सुरू होतं ते सोडून गेलेल्या माणसाच्या रिकाम्या खोलीतून. बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' लिहिलं (व. पु. काळ्यांचं ते वेगळं), पुण्यात समपथिक ट्रस्ट उभा केला, आणि माहिती, धीर, पत्ता, फोन नंबर हे सगळं मराठीत आणलं. त्या कामाचं ऋण मोठं आहे. एवढं करूनही हिशोब मांडला तर मराठीनं मला दिलं ते असं: हशा, शोकांतिका, समुपदेशन. दोघांचं जुळलं, किराणा आणला, भांडले, झोपले, असं पान मला जपानी बाईनं काढलेलं मिळालं. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा मी लोणेऱ्याच्या हॉस्टेलवर शेवटच्या वर्षाला होतो. निकालाची बातमी वाचली, मग रात्री कॉमिक वाचलं. कायद्यानं सांगितलं की मी गुन्हेगार नाही. गुन्हेगार नसलेला माणूस रविवारी सकाळी काय करतो, ते कॉमिकमध्ये होतं.

गावात रेंज लागत नाही. शिवथरची तिन्ही गावं, कसबे, आंबे आणि कुंभे, वरंध घाटाच्या पोटात बसलेली. पावसात धबधब्याचा आवाज असतो आणि टॉवर बंद असतो. त्यामुळे मी चॅप्टर आधीच डाऊनलोड करून नेतो. घळीत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत अशा मूर्ती आहेत, सुट्टीत त्या बघायला गाड्या भरून लोक येतात. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या माणसाच्या पायाशी डोकं टेकवून तेच लोक मला विचारतात, काय रे, लग्नाचं कधी? यातून मला काही सुचवायचं नाहीये. मला फक्त गंमत वाटते.

साचा मोडणारी कॉमिक्स बीएलच्या आतही आहेत, आणि ती बाहेरून उपदेश करत नाहीत. कोरियन 'सिमँटिक एरर'चा नायक सांगू कम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी आहे. ग्रुप प्रोजेक्टमध्ये ज्यांनी काम केलं नाही त्यांची नावं तो सरळ काढून टाकतो, आणि त्यामुळे डिझाइनच्या जेयाँगचं पदवीचं वर्ष अडकतं. (ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतील.) जेयाँग उंच आहे, मोठा आहे, मागे लागणारा आहे. सांगू चणीनं लहान. म्हणजे सिंटॅक्स जुनाच. पण सांगूचं 'नाही' हे नाही असतं. तो ते कारणांसकट, यादी करून सांगतो. आणि हवंसं वाटायला लागतं तेव्हा तेही तो तसंच सांगतो, बगचा तपास करावा तसं. अहो त्याच्या तोंडी बसवून बघितलं, बसत नाही. शो हारुसोनो यांच्या 'सासाकी अँड मियानो'त तर मियानो स्वतःच बीएल वाचणारा मुलगा आहे. स्वतःचा चेहरा मुलीसारखा आहे याचा त्याला वैताग येतो. दुसऱ्यांच्या जोड्या लावण्यात तो पटाईत, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्या पुस्तकी जागांपैकी एकही त्याच्या मापाची निघत नाही. ते कॉमिक फार हळू चालतं. एका 'हो'साठी सासाकी किती चॅप्टर थांबतो! घाईत वाचणाऱ्याला कंटाळा येईल. मला तो थांबणंच आवडलं.

आणि मग गेंगोरोह तागामे. हा स्वतः गे असलेला चित्रकार, दणकट, केसाळ पुरुषांच्या प्रौढ कॉमिक्ससाठी प्रसिद्ध. त्यानं २०१४ ते २०१७ मध्ये 'माय ब्रदर्स हजबंड' हे घरात सगळ्यांनी वाचावं असं कॉमिक काढलं. याइची हा मुलीला एकट्यानं वाढवणारा बाप. त्याचा जुळा भाऊ कॅनडात वारलाय आणि भावाचा नवरा माइक दारात येऊन उभा राहतो. छोटी काना त्याला तोच प्रश्न विचारते, तुमच्यात बायको कोण होतं? माइक तिला सांगतो की बायको कुणीच नव्हतं, दोघे एकमेकांचे नवरे होते. हे मराठीत करताना मला अजिबात अडलं नाही. मी त्याचा नवरा होतो आणि तो माझा नवरा होता. क्रियापदं जागच्या जागी आहेत, एकही ओढाताण नाही. फोनचा कीबोर्ड 'माझा' नंतर 'नवरा' सुचवतो का ते मात्र बघू नका.

पण मी मित्रांना पहिलं सुचवतो ते फुमी योशिनागा यांचं 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?'. २००७ पासून चालू आहे, तेही पुरुषांच्या मासिकात, त्यामुळे चोखंदळ लोक त्याला बीएल मानत नाहीत. शिरो वकील आहे, ऑफिसात कुणाला कळू न देणारा, चारचौघांत ताठ. केंजी केशकर्तनकार, मोकळा, हळवा, पटकन रडणारा. साच्याप्रमाणे पोळपाट केंजीच्या हातात हवं. स्वयंपाक करतो शिरो. कामावरून निघाला की दुकानात भाज्यांचे भाव बघतो, दोन येनचा फरक लक्षात ठेवतो, उरलेल्या मुळ्याचं उद्या काय करायचं ते आज ठरवतो, अगदी डोंबिवलीच्या लोकलमधून उतरून मंडईत शिरणाऱ्या बाईसारखा. केंजी जेवताना दर घासाला दाद देतो. यात नवरा कोण हे शोधायला बसलात तर एखाद्या पाककृतीवरच येऊन थांबाल. या मालिकेतली माणसं वाचकाबरोबर म्हातारी होतात. सुरुवातीला त्रेचाळीसचा असलेला शिरो आता साठीला टेकलाय. आईवडील थकलेत, डॉक्टरनं केंजीच्या खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायला सांगितलंय, आणि मासे कुठे स्वस्त मिळतात यावर दोघांचं बोलणं अजून चालू आहे. ते मी मराठीत केलं तेव्हा दोघांच्याही तोंडी 'अरे' आलं.